जमिनीचा कानोसा

तेल आणि वायू शोधण्याच्या साधनांत सिस्मिक सर्वेक्षणाइतके मातब्बर साधन दुसरे नाही. वाळवंटात असो वा समुद्रात, विहीर खोदायला कोट्यवधी रुपये लागतात आणि ते ओतण्याआधी कंपन्या या सर्वेक्षणाचे नकाशे मांडून बसतात. तरीही ही पद्धत तेल मोजत नाही. ती वेळ मोजते. जमिनीला हादरा द्यायचा, तो खाली जाऊन निरनिराळ्या थरांवर आपटून परत यायला किती मिलिसेकंद लागले ते टिपायचे, एवढाच तिचा कच्चा माल. विहिरीत दगड टाकून ‘डुब्’ ऐकू येईपर्यंत आकडे मोजणाऱ्या पोराला पाणी किती खोल आहे याचा अदमास येतो, पण ते गोडे की मचूळ हे त्याला कळत नाही. तशीच ही गत. ही उणीव योगायोगाने राहून गेलेली नाही. पद्धतीचे कूळ शोधत मागे गेले की दिसते, तिच्या पूर्वजांपैकी कोणालाच तेल नको होते. एकाला भूकंपलहरीचा वेग हवा होता, दुसऱ्याला तोफेची जागा, तिसऱ्याला हिमनग. तेलवाल्यांनी त्यांची साधने उचलली तेव्हा त्यांचा प्रश्नही सोबत घरात आला: हादरा किती वेळात पोचला? तेल आहे की नाही याचा निवाडा मात्र प्रत्येक पिढीत या मोजणीच्या बाहेरच करावा लागला, असे माझे म्हणणे आहे. आज त्रिमितीय रंगीत चित्रे पडद्यावर फिरवून दाखवली जातात तेव्हा ही गोष्ट विसरायला फार सोपे जाते.

मूळपुरुष म्हणून रॉबर्ट मॅलेट या आयरिश इंजिनिअरचे नाव घ्यावे लागते. 1849 साली त्याने डब्लिनच्या दक्षिणेला किलिनीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बंदुकीची दारू पुरून उडवली आणि सुमारे अर्ध्या मैलावर पाऱ्याने भरलेली वाटी ठेवली. पाऱ्याच्या पृष्ठभागावर उभ्या-आडव्या धाग्यांचे प्रतिबिंब पडेल अशी योजना होती. ते प्रतिबिंब दुर्बिणीतून न्याहाळत राहायचे. हादरा पोचला की पारा थरथरतो, धागे पुसट होतात, त्या क्षणी घड्याळ थांबवायचे. त्याला मिळालेला वेग वाळूत सेकंदाला साधारण 250 मीटर आणि जवळच्या डॉल्की येथील ग्रॅनाइटमध्ये 500 मीटर. ग्रॅनाइटचा हा आकडा जवळजवळ दहापट चुकला होता. कारण पाऱ्याची वाटी आळशी होती: पहिली, सर्वांत वेगवान पण क्षीण लहर येऊन निघूनही जाई आणि पारा हलत असे तो मागून येणाऱ्या दांडग्या लहरींमुळे. 1876 मध्ये न्यूयॉर्क बंदरातला खडक सुरुंगाने उडवला तेव्हा हेन्री अ‍ॅबट या लष्करी इंजिनिअरने हीच मोजणी केली. दुर्बीण जितकी जास्त ताकदीची, तितका वेग जास्त येतो, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे खडक तोच, सुरुंग तोच, आणि उत्तर ठरवत होते ऐकणाऱ्याचे कान. पुढच्या दीडशे वर्षांचा सगळा झगडा या एका निरीक्षणात आहे. म्हणूनच मॅलेटचा चुकलेला आकडा मला त्याच्या कल्पनेइतकाच मोलाचा वाटतो.

त्या लहरींची वर्गवारी लावण्याचे काम भारतात झालेल्या भूकंपाने पुढे नेले. 12 जून 1897 रोजी आसाम हादरला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅमने त्या भूकंपाचा अहवाल लिहिला आणि दूर युरोपात उमटलेल्या नोंदी तपासताना त्याला तीन वेगळ्या लहरी ओळखता आल्या: आधी पोचणारी दाबाची, मागून येणारी आडव्या हेलकाव्याची आणि सर्वांत शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत येणारी. 1906 मध्ये याच युक्तिवादाच्या जोरावर त्याने पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवून दिले. लहर वाटेत वळते, मंदावते, परावर्तित होते, आणि तिला झालेल्या उशिरावरून वाटेतल्या पदार्थाबद्दल बोलता येते, हे यातून पक्के झाले. जर्मनीत गॉटिंगेनला खाणमोजणीदार लुडगर मिंट्रॉपने 1908 च्या सुमारास चार टनांचा पोलादी गोळा 14 मीटर उंचीवरून टाकून कृत्रिम भूकंप केले. पहिल्या महायुद्धात त्याने हीच विद्या शत्रूच्या तोफांच्या जागा हुडकायला वापरली, 1919 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1921 मध्ये हॅनोव्हरला ‘सिस्मॉस’ ही कंपनी काढली. तोफ कुठे आहे हे जर दूरच्या हादऱ्यावरून कळते, तर तोफेची जागा आपल्याला ठाऊक असताना मधला खडक कसा आहे हे का कळू नये? प्रश्न उलटा केला इतकेच.

हिमनगावर आपटून टायटॅनिक बुडाल्यानंतर अटलांटिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावर रेजिनाल्ड फेसेंडेनने पाण्यात आवाज सोडणारे आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकणारे यंत्र तयार केले. एप्रिल 1914 मध्ये ‘मायामी’ या अमेरिकी सरकारी जहाजावरून त्याने सुमारे दोन मैलांवरचा हिमनग प्रतिध्वनीवरून ओळखला, आणि त्याच यंत्रात समुद्राच्या तळाचाही प्रतिध्वनी आला. 1917 मध्ये त्याने धातूचे साठे अशाच रीतीने शोधण्याचे पेटंट मिळवले. त्यामुळे ‘जनक कोण’ हा वाद या क्षेत्रात कायम पेटता राहिला. पेटंटांच्या लढाया झाल्या, जर्मनांनी एकाचे नाव घेतले, अमेरिकनांनी दुसऱ्याचे. मला तो वाद फारसा कामाचा वाटत नाही. त्याहून अधिक प्रचलित असलेला एक समज मात्र तपासायला हवा, तो म्हणजे ही पद्धत युद्धाचे अपत्य आहे. युद्धाने माणसे तयार केली, हलकी आणि संवेदनशील यंत्रे दिली, हे खरे. पण मॅलेटची वाटी त्याच्या 65 वर्षे आधीची, फेसेंडेनचा हिमनग युद्धाच्या तोंडावरचा. आणि युद्ध संपल्यावर ही विद्या तेलाकडे वळली ती आपोआप नव्हे. तिला तेलाच्या भावाने कधी ओढले, कधी ढकलून दिले.

ओक्लाहोमाची हकिगत याला साक्ष आहे. जे. सी. कार्चर हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ युद्धकाळात अमेरिकेच्या ‘ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स’मध्ये तोफांच्या आवाजावर काम करत होता. तोफेच्या थेट हादऱ्यानंतर नोंदीत काही उशिरा येणाऱ्या लहरी दिसत. इतरांसाठी तो कचरा होता. कार्चरला वाटले, या खालच्या थरांवरून परतलेल्या असाव्यात. 1921 मध्ये त्याने सहकाऱ्यांसोबत एक छोटी कंपनी काढली. 4 जून रोजी ओक्लाहोमा सिटीजवळ बेल आयलला पहिली चाचणी झाली आणि ऑगस्टमध्ये आर्बकल डोंगरात व्हाइन्स ब्रांच या ओढ्याकाठी पहिला खरा भूछेद, म्हणजे जमिनीच्या उभ्या कापाचे चित्र, मोजला गेला. जागेची निवड पाहण्यासारखी आहे. तिथे सिल्व्हन शेल आणि त्याखालचा व्हायोला चुनखडक हे थर तिरके होऊन उघडे पडलेले आहेत, त्यामुळे ते जमिनीखाली कुठे किती खोल असणार हे भूवैज्ञानिकांना आधीच सांगता येत होते. मऊ शेल आणि कठीण चुनखडक यांची हद्द आवाज चांगली परतवते. सुरुंग उडाला, नोंद उमटली, परतीच्या लहरीवरून काढलेली खोली ठाऊक असलेल्या खोलीशी जुळली. म्हणजे या पद्धतीची पहिली यशस्वी परीक्षा अशा ठिकाणी झाली, जिथे उत्तर आधीच माहीत होते आणि तेलाचा प्रश्नच नव्हता. शास्त्रीयदृष्ट्या हे अगदी बरोबर केले. त्यानंतर लगेच तेलाचे भाव कोसळले, बाजारात तेल रग्गड झाले आणि कार्चरच्या कंपनीचे काम बंद पडले. पद्धत सिद्ध झालेली, पण चार वर्षे तिला कोणी विचारले नाही.

दरम्यान मिंट्रॉपच्या तुकड्या मेक्सिको आणि टेक्सासमध्ये पोचल्या होत्या. त्यांची रीत निराळी, अपवर्तनाची: सुरुंगापासून काही किलोमीटरवर पंख्यासारखी यंत्रे मांडायची आणि कोणाकडे लहर अपेक्षेपेक्षा लवकर पोचते ते पाहायचे. टेक्सासच्या किनारपट्टीवर मातीचे थर मऊ, त्यातून लहर सावकाश जाते. मिठातून ती सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वेगाने पळते. त्यामुळे ज्या यंत्राकडे लहर लवकर आली, त्या रेषेत खाली मिठाचा घुमट आहे असे धरता येई. 1924 साली ऑर्चर्ड डोम असाच सापडला. इथे थबकायला हवे. सापडले ते मीठ. वर सरकताना घुमट भोवतीचे थर उचलतो, वाकवतो, त्यांच्या कडेला तेल अडकण्याची शक्यता असते, हे ज्ञान भूवैज्ञानिकांनी आधीच्या विहिरींवरून मिळवलेले होते. सिस्मिकने फक्त मीठ कुठे आहे ते सांगितले. तेलाबद्दलचे वाक्य दुसऱ्यांनी पूर्ण केले. 1925 मध्ये अमेराडा कंपनीच्या एव्हरेट डीगोलियरने कार्चरला पुन्हा बोलावून ‘जिओफिजिकल रिसर्च कॉर्पोरेशन’ उभी केली आणि 1928 मध्ये ओक्लाहोमाच्या सेमिनोल भागात परावर्तनाने दाखवलेल्या उंचवट्यावर तेलविहीर लागली. त्या विहिरीतही लहरींनी दाखवला होता तो ओळखीच्या व्हायोला चुनखडकाचा उंचवटा. कार्चर आणि यूजीन मॅकडरमॉट यांनी 1930 मध्ये काढलेली ‘जिओफिजिकल सर्व्हिस’ ही पुढची कंपनी 1951 मध्ये ‘टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स’ झाली आणि 1958 मध्ये तिथेच जॅक किल्बीने इंटिग्रेटेड सर्किट बनवले. तेलाचा कानोसा घेणाऱ्या घराण्यातून इलेक्ट्रॉनिक्सची एक शाखा फुटली आणि तिने नंतर मूळ घराण्यालाच गणनयंत्रे पुरवली.

गणनयंत्रांची गरज कुठून आली हे समजले की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सुरुंग उडवल्यावर जमिनीवर रोवलेल्या, कंपने टिपणाऱ्या जिओफोनकडे जे पोचते त्यात हव्या असलेल्या प्रतिध्वनीचा वाटा किरकोळ असतो. बहुतेक थरांच्या हद्दीवरून ऊर्जेचा अगदी थोडा अंश परततो. बाकी सगळी गडबड: पृष्ठभागावरून लोळत येणाऱ्या लहरी, वारा, रस्त्यावरचा ट्रक आणि सर्वांत लबाड म्हणजे दोन थरांमध्ये वरखाली आपटून उशिरा आलेले दुहेरी-तिहेरी प्रतिध्वनी, जे अगदी खोलवरच्या थराचे सोंग घेतात. 1950 मध्ये हॅरी मेनने सुचवले की जमिनीखालचा एकच बिंदू निरनिराळ्या अंतरांवरून अनेकदा टिपावा आणि नोंदी एकमेकींवर रचाव्यात. खरा प्रतिध्वनी प्रत्येक वेळी जुळतो म्हणून वाढतो, विस्कळीत गोंगाट एकमेकांना खाऊन टाकतो. 24 नोंदी रचल्या तर आवाज आणि गोंगाट यांचे गुणोत्तर सुमारे पाचपट सुधारते. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एन्डर्स रॉबिन्सनने एक वेगळा दुवा जोडला. नॉर्बर्ट वीनरने दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानाची पुढची जागा वर्तवण्यासाठी गणित मांडले होते. विमान पुढच्या क्षणी कुठे असेल हे जर मागच्या हालचालीवरून सांगता येते, तर नोंदीचा जो भाग आधीच्या भागावरून वर्तवता येतो तो नवी माहिती देत नाही, तो वगळावा. जे वर्तवता येत नाही तेच नवे, तेच थर. आधी हातमोजणीच्या यंत्रांवर मोजक्या नोंदींची आकडेमोड झाली, मग ती ‘व्हर्लविंड’ संगणकाकडे गेली. कोनोको कंपनीने सुरुंगाऐवजी जमीन थरथरवणारा ट्रक आणला, तोही रडारच्या विद्येवरून. त्रिमितीय सर्वेक्षणाची पहिली पावले एस्सो कंपनीने 1967 मध्ये टेक्सासच्या फ्रेंड्सवूड येथे टाकली. या साऱ्यांत तेलाविषयी नवे काही नाही. प्रत्येक पायरी म्हणजे नको ते काढून टाकण्याची अधिक बारीक चाळणी.

इथे जाणकार मला अडवतील. ते म्हणतील, 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून मेक्सिकोच्या आखातात ‘ब्राइट स्पॉट’ पाहून वायूचा थेट माग काढला जातो, त्याचे काय? वाळूच्या थरात पाण्याच्या जागी वायू असेल तर लहरीचा वेग घटतो, हद्दीवरचा प्रतिध्वनी जोरकस होतो आणि भूछेदात एक ठळक पट्टा उमटतो. शेल कंपनीत माइक फॉरेस्ट याने हे हेरले. आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे: लहरीचा जोर हे वेळेपलीकडचे माप आहे आणि त्यातून रंध्रांत पाणी आहे की वायू याबद्दल अनुमान निघते. पण निसर्गाने इथेही खोडी करून ठेवली आहे. रंध्रांमधल्या पाण्यात शेकडा पाच-सात भाग वायू मिसळला तरी वेग जवळजवळ तितकाच घसरतो जितका रंध्रे वायूने गच्च भरल्यावर. म्हणून विक्रीजोगा साठा आणि सोड्याच्या बाटलीतल्या बुडबुड्यांइतका वायू दोन्ही सारखेच चमकतात. शिवाय हीच चमक कोळशाचा थर किंवा कठीण चुनखडकाचा पट्टाही देऊ शकतो. चमक पाहून खोदलेल्या कितीतरी विहिरी अशाच निघाल्या. ठळक पट्टा हा संशयिताचा पत्ता आहे, कबुली नव्हे.

संशयिताचा पत्ता बरोबर असूनही घर रिकामे कसे सापडते याचे सर्वांत महागडे उदाहरण अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात घडले. तिथला मुकलुक नावाचा प्रचंड उंचवटा सिस्मिकवर स्वच्छ दिसत होता, प्रुढो बे हे अमेरिकेतले सर्वांत मोठे तेलक्षेत्र जवळच होते आणि कंपन्यांनी त्या भागाच्या हक्कांसाठी दीड अब्ज डॉलरहून अधिक मोजले. 1983 मध्ये कृत्रिम बेटावरून सोहायो कंपनीने विहीर खोदली. आकार होता, खडक होता, वाळूला तेलाचे डागही होते. तेल तेवढे नव्हते. ते कधीतरी तिथे साठले होते आणि भूगर्भीय काळात निसटून गेले. सिस्मिकचे उत्तर चुकले असे इथे म्हणता येणार नाही, कारण उंचवटा आहे का या प्रश्नाचे उत्तर तिने बरोबर दिले. तेलसाठ्याला चार गोष्टी एकत्र लागतात: तेल बनवणारा स्रोतखडक, ते सामावणारा सच्छिद्र खडक, वरचा अभेद्य थर, आणि योग्य काळ, म्हणजे तेल निघण्याआधी सापळा तयार असणे व पुढे तो शाबूत राहणे. लहरी आजचा आकार दाखवतात. कोट्यवधी वर्षांत तिथून काय वाहून गेले हे त्या सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: पद्धत इतकी अपुरी असती तर जगातली बहुतेक मोठी क्षेत्रे तिच्यामुळे सापडली कशी? मुंबईच्या वाचकाला हा आक्षेप घराजवळचा वाटेल. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून सोव्हिएत जहाज ‘अकादेमिक अर्खान्गेल्स्की’ने खंबातच्या आखातापासून पश्चिम किनाऱ्यावर सर्वेक्षण केले आणि मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रतळाखाली एक मोठा उंचवटा नकाशावर आला. तेलाचा दावा त्या नकाशात नव्हता. गुजरातेत अंकलेश्वरला तेल लागले होते, त्याच भूगर्भीय खोऱ्याची ही समुद्रातली बाजू असावी, एवढी आशा मात्र त्याला होती. समुद्रात खोदण्याचे साधन देशाकडे नव्हते म्हणून उत्तर थांबले. जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा खोदकामाचा मंच फेब्रुवारी 1974 मध्ये तिथे उभा राहिला आणि चुनखडकात तेल लागले. 1976 पासून उत्पादन सुरू झाले. या यशात सिस्मिकचा वाटा कोणता? अफाट समुद्रात कुठे खोदू नये हे तिने सांगितले. शंभर जागांतून नव्वद बाद करणारे साधन दहांतल्या दोन जागांना यश देते. पण यशाचा शिक्का उरलेल्या दहांवर बसतो, बाद केलेल्या नव्वदांवर नाही, म्हणून तिने तेल शोधले असे वाटते.

आणखी एक गोष्ट या आक्षेपाच्या उत्तरात सांगायला हवी. वेळेचे खोलीत रूपांतर करायला वेग ठाऊक हवा. लहर जाऊन परत यायला दोन सेकंद लागले आणि मधल्या खडकात वेग सेकंदाला 3,000 मीटर असेल तर थर 3,000 मीटर खोल आहे. वेगाच्या अंदाजात शेकडा पाचाची चूक झाली तर खोली 150 मीटरने चुकते, आणि तेवढ्यात सपाट थराला उंचवट्याचा भास येऊ शकतो. शिवाय 30 हर्ट्झची लहर या वेगाने 100 मीटर लांबीची असते. तिच्या चतुर्थांशाहून, म्हणजे सुमारे 25 मीटरांहून पातळ थर तिला नीट वेगळे दिसत नाहीत. भोक पाडून मिळालेला नमुना आणि विहिरीत सोडलेल्या उपकरणाने मोजलेला वेग यांच्याविना नकाशा लटकलेला असतो. संगणक मोठा झाला म्हणून लहर आखूड होत नाही.

लहरींची ही मर्यादा महाराष्ट्रातल्या जमिनीत फार ठसठशीत दिसते. इथे खाली गाळाचे खडक असतीलच तर त्यांच्यावर दख्खनच्या बेसाल्टची जाड चादर आहे. 1967 च्या कोयना भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर सुरुंगांच्या साहाय्याने खोल कवचाची मोजणी केली. बेसाल्टची जाडी किनाऱ्याजवळ दीड किलोमीटरच्या आसपास आणि पूर्वेकडे कमी होत गेलेली दिसली. मिंट्रॉपला मीठ सापडले ते वेगवान पदार्थ मऊ मातीत दडला होता म्हणून. बेसाल्टखाली नेमके उलटे आहे: वर वेगवान खडक, खाली संथ गाळ, आणि आधी पोचणारी लहर त्या संथ थराचा पत्ताच देत नाही. परावर्तनही नीट चालत नाही, कारण लाव्ह्याचे एकावर एक थर, मधली लाल माती आणि फुटके पृष्ठभाग लहरीला विखरून टाकतात. अशाच बेसाल्टने झाकलेल्या सौराष्ट्रात शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. ठरावीक अंतरानंतर बेसाल्टमधून येणारी पहिली लहर मंद होऊन अचानक नाहीशी होते आणि तळच्या कठीण खडकातून आलेली लहर अपेक्षेहून उशिरा उगवते. हा खंड आणि हा उशीर मधल्या संथ गाळाची जाडी सांगतो. पुढे लोधिकाला ओएनजीसीने विहीर खोदली, बेसाल्ट पार केला, आणि खाली मध्यजीव काळातले गाळाचे खडक मिळाले. विक्रीजोगे तेल मिळाले नाही.